जुलैतला पाइक: दोघांची होडी आणि पाण्याचे तापमान

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: तुम्ही नोकरीनिमित्त स्टॉकहोमला राहता, जुलैच्या मध्यावर तुमचा जुना मित्र पुण्याहून आठवडाभरासाठी येणार आहे, दोघांनाही गळाने मासे धरण्याची लहानपणापासून आवड असून नदीतली मरळ आणि खाडीतला जिताडा या दोहोंचा अनुभव आहे, आणि मेलारेन सरोवरावर एक दिवस होडी भाड्याने घेऊन पाइक हा शिकारी मासा धरावा असा बेत आहे. जुलै हा त्यासाठी योग्य काळ आहे का, सामान कोणते घ्यावे, होडीत दोघांनी काम कसे वाटून घ्यावे आणि धरलेला मासा खावा का, असे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी या देशात बरीच वर्षे पाइकच्या मागे आहे आणि नवख्या मंडळींना होडीवर घेऊनही जातो, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहितो. पहिल्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त बोलणार आहे, कारण उन्हाळ्यात उरलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्यावरच अवलंबून असतात.

जुलै हा पाइकचा उत्तम महिना नाही. मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ, आणि नंतर सप्टेंबरपासून पाणी गोठेपर्यंतचा काळ, हे त्याचे खरे हंगाम होत. ब्रिटनमध्ये तर पाइकचा हंगाम परंपरेने १ ऑक्टोबरला सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चालतो, आणि १९७७ मध्ये स्थापन झालेला तिथला पाइक अँग्लर्स क्लब उन्हाळ्यातल्या तापलेल्या पाण्यात पाइकला गळ टाकू नये असेच सांगत आला आहे. स्वीडनमध्ये असा संकेत रुजलेला नाही, कारण इथली मोठी सुट्टी जुलैतच असते आणि उन्हाळी घरासमोर होडी बांधून ठेवलेली असते. ती सोडून ऑक्टोबरची वाट कोण पाहणार? म्हणून तुम्ही जाऊच नका असे मी म्हणणार नाही. मात्र त्या दिवसाची आखणी तापमापक पाहून करा. आमिषांची पेटी नंतर उघडा.

मरळीवर हात बसलेल्या माणसाने एक सवय आधी सोडली पाहिजे. मरळीला हवेतून श्वास घेता येतो. ओल्या पोत्यात ती तासन्‌तास जिवंत राहते, त्यामुळे तिला काठावर ठेवून गळ सोडवणे, मित्राला हाक मारणे, छायाचित्र काढणे हे सगळे सावकाश चालते. पाइकला ती सोय नाही. त्याचा सगळा प्राणवायू कल्ल्यांतून येतो, आणि पाणी जितके तापते तितका त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांना तो ९.१ वर येतो आणि २५ अंशांना ८.३ च्या आसपास. नेमकी त्याच वेळी, थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे, माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यातच पाइकचे शरीर लांब पोहण्यासाठी नाही, एका झेपेसाठी घडलेले आहे: पाठीवरचा पर थेट शेपटीजवळ सरकलेला, बहुतेक मांस क्षणभराच्या जोरासाठी असणाऱ्या पांढऱ्या स्नायूंचे. गळाला लागल्यावर तो हा सगळा जोर दोनचार मिनिटांत खर्चून टाकतो, स्नायूंत आम्ल साठते आणि ते निस्तरायला त्याला भरपूर प्राणवायू लागतो. थंड पाण्यात तो मिळतो. तापलेल्या पाण्यात तुमच्या हातून सुटून व्यवस्थित पोहत गेलेला मासाही काही तासांनी तळाशी मरून पडू शकतो आणि ते तुम्हाला कधीच कळत नाही.

दुसरी गोष्ट, सगळे पाइक उष्णता सारख्याच प्रमाणात सोसत नाहीत. पन्नास-साठ सेंटिमीटरचे लहान पाइक वीस अंशांच्या आसपासच्या पाण्यातही चांगले वाढतात आणि उन्हाळाभर पाणवनस्पतींमध्ये लपून शिकार करतात. आकार वाढतो तशी थंड पाण्याची ओढ वाढते. मोठा पाइक जूनअखेर उथळ खाडी सोडतो, खोल उतारांवर किंवा थेट उघड्या पाण्यात जातो आणि तिथे लहान माशांच्या थव्यांखाली राहतो. म्हणून जुलैत काठावरच्या वनस्पतींमध्ये दिवसभर आमिष फेकणाऱ्यांना लहान पाइक पुष्कळ मिळतात आणि मोठे पाइक संपले असा त्यांचा समज होतो. पहिल्यांदा येणाऱ्या मित्रासाठी हे लहान पाइक मुळीच वाईट नाहीत. उलट तुमच्या एका दिवसाच्या बेतासाठी मी त्यांनाच लक्ष्य धरायला सांगेन.

आता मर्यादेचे बोलू. माझा स्वतःचा दंडक असा आहे की पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान १८ अंशांपर्यंत असेल तर मी निर्धास्तपणे मासेमारी करतो. १८ ते २० मध्ये करतो, पण प्रत्येक मासा पाण्यातच सोडवतो आणि छायाचित्रांचा नाद करत नाही. २० च्या वर गेल्यावर फक्त पहाटेची वेळ वापरतो. आणि २२ अंशांना पाइकचा गळ बांधून ठेवतो. मेलारेनचा पृष्ठभाग जुलैच्या मध्यावर नेमका याच शेवटच्या दोन पायऱ्यांवर असतो, म्हणून मोजणे टाळता येत नाही. होडीवरचा फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि खोली दाखवणारे यंत्र, फक्त वरच्या थराचे तापमान दाखवतो. खालचे तापमान हवे असेल तर एका लहान बाटलीच्या मानेजवळ दोन-तीन भोके पाडून तिच्यात साधा तापमापक आणि थोडे शिसे घालावे, दोरीला मीटरवर गाठी मारून ती खाली सोडावी, चारपाच मिनिटे थांबावे आणि भरभर वर ओढावे. बाटलीत आलेले पाणी तापमापकाभोवती राहते, त्यामुळे वर येईपर्यंत आकडा फारसा बदलत नाही.

वेळेच्या बाबतीत एक समजूत दुरुस्त करायला हवी. पहाट आणि संध्याकाळ सारख्याच चांगल्या असे बहुतेक जण सांगतात. प्रकाशाच्या दृष्टीने ते खरे आहे, पण तापमानाच्या दृष्टीने नाही. दिवसभर ऊन खाल्लेले पाणी सर्वांत गरम असते ते दुपार उलटल्यावर आणि संध्याकाळी, तर सर्वांत थंड असते सूर्योदयाच्या वेळी. जुलैच्या मध्यावर स्टॉकहोमला चारच्या सुमारास उजाडते. त्या वेळी होडी पाण्यात असेल तर नऊपर्यंत तुम्हाला पाच तासांची चांगली मासेमारी मिळते, आणि मित्राचे विमान आदल्या दिवशीच उतरले असेल तर त्याची झोपेची वेळ तशीही बिघडलेली असते, त्याचा फायदा घ्यावा.

जागेची निवड. मेलारेन हे एकच सरोवर असले तरी त्याची खोरी स्वभावाने वेगवेगळी आहेत. पश्चिमेकडचे गाल्टेन उथळ आणि गढूळ, म्हणून लवकर तापते. मध्यभागातले ब्योर्कफ्येर्डेन, ज्याच्या काठाशी ब्योर्को बेटावर व्हायकिंगकालीन बिर्का नगरीचे अवशेष आहेत, ते खोल, तुलनेने स्वच्छ आणि थंड. जुलैत मी दुसऱ्या प्रकारच्या पाण्याकडे जायला सांगेन, पण उघड्या मध्यावर जाऊ नका. बेटांच्या मधल्या अरुंद वाटा शोधा, जिथे वाऱ्याने पाणी हलते राहते आणि उथळ वनस्पतींचा पट्टा लगेच खोल उताराला मिळतो. दिवसभरात मासा थोडा वर-खाली सरकला तरी तुमच्या आवाक्यात राहील, अशी ही जागा असते. खोल खोऱ्यांत उन्हाळ्यात वरचा गरम थर आणि खालचा थंड थर यांच्यामध्ये तापमान एकदम उतरणारा पट्टा तयार होतो, आणि बाटलीचा तापमापक तो अचूक दाखवतो. मात्र सर्वांत थंड पाणी ते सर्वांत चांगले, असे समजू नका: पोषकद्रव्ये जास्त असलेल्या खोऱ्यांत उन्हाळा सरता सरता खालच्या थरातला प्राणवायू संपत जातो आणि पाइक त्या पट्ट्याच्या अगदी वरच्या काठाला येऊन राहतो.

वाऱ्याचेही दोन चेहरे आहेत. वारा ज्या किनाऱ्यावर आपटतो तिथे सूक्ष्म जीव, त्यांच्यामागे लहान मासे आणि त्यांच्यामागे पाइक येतात, म्हणून तो किनारा धरावा हा सर्वमान्य सल्ला आहे. पण उन्हाचे दोनतीन दिवस आणि एकाच दिशेचा वारा असेल तर तोच वारा वरचे गरम पाणी त्या किनाऱ्याला लोटतो आणि विरुद्ध बाजूला खालचे थंड पाणी वर येते. अशा वेळी दोन्ही किनाऱ्यांवर तापमान मोजून पाहावे. दोन अंशांचा फरक दिसला तर मी थंड बाजू घेतो, मग तिथे लाटा नसल्या तरी.

नियमांविषयी. व्हेनर्न, व्हेटर्न, मेलारेन, येल्मारेन आणि येम्टलंडमधले स्तूर्शॉन ही पाच मोठी सरोवरे आणि समुद्रकिनारा इथे १९८५ पासून हातगळाने मासेमारी सर्वांना मोफत आहे. परदेशी पाहुण्यालाही परवाना लागत नाही. इतर सरोवरांवर मात्र त्या त्या पाण्याचे मासेमारी-कार्ड विकत घ्यावे लागते. या मोफत हक्कात एक मेख आहे. होडीत उभे राहून आमिष फेकणे चालते, पण होडी चालवत आमिष मागे ओढत नेणे, म्हणजे ट्रोलिंग, ही होडीशिवाय न होणारी पद्धत असल्यामुळे खासगी मालकीच्या पाण्यात तिला मालकाची परवानगी लागते, आणि किनाऱ्यालगतचे बरेचसे पाणी खासगीच असते. थकल्यावर 'जाता जाता दोरी मागे सोडू' असा मोह होतो, तो टाळावा. किमान आणि कमाल लांबी, दिवसाला किती मासे ठेवता येतात, कोणत्या खाडीत कधी बंदी आहे, हे नियम जागेगणिक वेगळे असतात आणि बदलतात. 'स्वेन्स्का फिस्केरेग्लेर' या सरकारी संकेतस्थळावर नकाशावर बोट ठेवून आदल्या रात्री ते पाहून घ्या. तिथे पाइक 'येद्दा' या नावाने सापडेल. पक्ष्यांच्या संरक्षित बेटांवर पिवळे-लाल फलक असतात. त्यावर लिहिलेल्या काळात जवळ जाऊ नये.

होडी चार-साडेचार मीटरची, अॅल्युमिनियमची आणि लहान इंजिनाची पुरते. अशा होडीला इथे चालक-परवाना लागत नाही. पाणी गोड आणि शांत दिसते म्हणून लाइफ जॅकेट पिशवीत ठेवू नका, अंगात घाला. इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी. सोडरतेल्येच्या कालव्यातून येणारी मालवाहू जहाजे याच सरोवरातून व्हेस्टरोसकडे जातात. त्यांची वाट नकाशावर आखलेली असते, तिच्यात होडी वाहत ठेवून गळ टाकत बसू नये, आणि जहाज गेल्यावर येणाऱ्या लाटेकडे होडीचे नाक करावे. वाऱ्याचा अंदाज इथे मीटर प्रतिसेकंदात देतात: तीन ते पाच उत्तम, आठच्या वर गेल्यास लहान होडीसाठी बेत बदला. गडगडाट ऐकू आला की कार्बनचे रॉड आडवे ठेवून किनारा गाठा, कारण कार्बन वीज वाहून नेतो. आपत्कालीन क्रमांक ११२.

सामानाच्या बाबतीत दुकानदार जितके सांगेल तितके घेऊ नका. दोघांना मिळून दोन मजबूत रॉड, सात-आठ फुटांचे, साधारण ४० ते १०० ग्रॅमची आमिषे फेकणारे, रीलवर ०.२५ ते ०.३० मिलिमीटरची विणलेली दोरी. आणि पुढे टायटॅनियमचा किंवा पोलादी लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधला तारेचा तुकडा, कारण पाइकच्या दातांपुढे साधी दोरी टिकत नाही. उन्हाळ्यात हलके सामान वापरून 'मजा लांबवणे' मला अजिबात मान्य नाही. जड सामानाने मासा लवकर हाताशी येतो आणि दमलेला नसतो. आधी सांगितलेले प्राणवायूचे गणित इथेच कामाला येते. रीलसाठी तुम्ही स्वीडनमध्ये आहात ही चैन आहे: स्वेंगस्टा गावातल्या आबू कंपनीची गोल, धातूची जुनी रीले वापरलेल्या मालाच्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि अजूनही कोणताही पाइक पेलतात.

आमिषे चार प्रकारची पुरेत. पहाटे वनस्पतींच्या वरून जाणारे एक तरंगते आमिष. वनस्पतींमध्ये न अडकणारे, पाते फिरणारे एक स्पिनरबेट. एक साधा धातूचा चमचा, जो कोणालाही फेकता येतो. आणि उताराच्या खोल भागासाठी शिशाच्या डोक्याचा रबरी मासा. प्रत्येकाच्या तिहेरी गळांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करा, किंवा तिहेरी गळ काढून एकेरी लावा. त्यामुळे एखादा मासा सुटेल. पण माशाच्या कल्ल्यातून आणि तुमच्या बोटातून गळ काढण्याचा त्रास कितीतरी कमी होईल. ज्यांच्यावाचून मी होडी सोडत नाही अशा वस्तू तीनच: लांब नाकाची पकड, गळाची तार कापणारी कात्री, आणि रबरी जाळीचे मोठे दांड्याचे जाळे. सुती गाठींचे जाळे माशाचा बुळबुळीत थर खरवडते आणि गळ त्यात गुंततात.

आता मित्र. दोन माणसे आणि लहान होडी म्हटले की लोक गप्पांनी मासे पळतील अशी भीती घालतात. हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, म्हणून गप्पा खुशाल मारा. पण अॅल्युमिनियमच्या तळावर आपटलेला डबा, घसरलेले वल्हे, दाणकन टाकलेला नांगर यांचा धक्का पाइकला लगेच जाणवतो. तळाशी एक जुनी सतरंजी अंथरली की निम्मा गोंगाट संपतो. दोघांपैकी एकाने नाळेकडे आणि एकाने इंजिनाकडे उभे राहावे, आणि होडी दोन हिश्श्यांत वाटून घ्यावी: पुढच्याने पुढच्या अर्ध्या भागात फेकायचे, मागच्याने मागच्या, कोणीही दुसऱ्याच्या डोक्यावरून नाही. ऐंशी ग्रॅमचे आमिष सहा टोकांसह मागे झोके घेते तेव्हा ते कुठे आहे हे फेकणाऱ्याला दिसत नसते. म्हणून दोघांनीही चष्मा घालावा आणि फेकण्यापूर्वी मागे पाहून 'टाकतोय' म्हणावे. हे पहिला तासभर हास्यास्पद वाटते, मग सवय होते.

सुरुवातीला दोघांनी एकसारखे आमिष वापरू नये. एकाने उथळ आणि वेगात, दुसऱ्याने खोल आणि संथ असे पाणी तपासले तर मासा कोणत्या थरात आहे ते लवकर कळते, आणि कळल्यावर दोघांनी तेच करावे. होडी वनस्पतींच्या काठापासून पंचवीस-तीस मीटरवर ठेवून वाऱ्याबरोबर वाहू द्यावी; वेग जास्त वाटला तर पाण्यात कापडी वाहता नांगर सोडावा. फेक नेहमी वाहण्याच्या दिशेने पुढे असावी, म्हणजे माशावरून आधी आमिष जाते, मग होडी.

पहाटे चार ते सहा बोरूच्या दाटीचा काठ आणि कमळपानांमधल्या मोकळ्या फटी धराव्यात. ऊन वर आले की वनस्पतींच्या बाहेरच्या काठावर यावे, जिथे पाणी तीनचार मीटरवरून एकदम खोल होते. मेलारेनच्या स्वच्छ भागात हा काठ पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या पोलराइज्ड चष्म्यातून डोळ्यांनी दिसतो. साडेसात-आठनंतर उताराच्या खोल बाजूला रबरी मासा तळाजवळून चालवावा. गरम पाण्यात पाइकची चयापचय जलद असल्यामुळे, वसंतातल्यापेक्षा आमिष वेगाने ओढले तरी तो झेप घेतो. माझ्या अनुभवात जुलैतला सर्वांत सामान्य दोष म्हणजे फार हळू ओढणे. अधूनमधून क्षणभर थांबावे आणि पुन्हा वेग घ्यावा, कारण बहुतेक झेपा त्या थांबण्यानंतर येतात.

पाइक पुष्कळदा आमिषामागे होडीपर्यंत येतो आणि तिथे थबकतो. त्याला पाहून हात थांबला की तो वळून जातो. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी, मासा दिसो वा न दिसो, रॉडचे टोक पाण्यात खुपसून आमिषाला एक मोठे वळण द्यावे आणि जमल्यास इंग्रजी आठाच्या आकारात एकदा फिरवावे. मित्राला ही सवय पहिल्याच फेकीपासून लावा. होडीच्या कडेला, दोन हातांवर, पाण्यातून वर येणारे ते डोके पाहणे हा या मासेमारीतला सर्वांत थरारक भाग आहे, आणि मीटरभर मोकळी दोरी ठेवून घाईने ओढाताण केली नाही तर तो मासा मिळतोही.

मासा लागला की दुसऱ्याचे काम सुरू होते, आणि उन्हाळ्यात हेच काम महत्त्वाचे. त्याने ताबडतोब स्वतःची दोरी गुंडाळून रॉड बाजूला ठेवावा, तळ मोकळा करावा, पकड आणि कात्री हाताशी घ्यावी आणि जाळे आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरावे. माशाच्या मागे जाळे मारू नये. ज्याच्या हातात रॉड आहे त्याने माशाचे डोके जाळ्यावर आणावे आणि मग जाळे उचलावे, तेही फक्त काठ पाण्याबाहेर येईल इतकेच. मासा पाण्यातच राहील. गळ ओठाला असेल तर जाळ्यात वाकून पकडीने फिरवून काढता येतो. आत असेल तर डाव्या हाताची बोटे ओली करून कल्ल्याच्या झाकणाखाली, जबड्याच्या हाडालगत घालावीत, आतल्या लाल कल्ल्यांना स्पर्श न करता. जबडा आपोआप उघडतो. तरीही गळ निघत नसेल तर कात्रीने त्याची टोके कापून टाकावीत. गळ दहा-वीस क्रोनरचा असतो. त्यासाठी माशाला दोन मिनिटे हवेत ठेवू नये.

छायाचित्र हवेच असेल, आणि पुण्याहून आलेल्या माणसाला ते हवे असणारच, तर मासा जाळ्यात पाण्यात असतानाच कॅमेरा तयार ठेवा. एका हाताने जबडा आणि दुसऱ्याने पोट धरून मासा आडवा उचला, एक टिपा, लगेच परत पाण्यात. तुम्ही स्वतः श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की माशालाही पाणी हवे आहे. जबड्याला धरून उभा लोंबकळवू नका, विशेषतः मोठा मासा, कारण तो सगळा भार पाण्यावर तोलला जाईल अशा बेताने घडलेला आहे. सोडताना त्याला सरळ धरून ठेवणे पुरेसे आहे. पुढे-मागे ढकलत राहण्याची गरज नसते. कल्ले लयीत हलू लागले की तो स्वतःच निघून जातो.

तापमापकाने २२ दाखवले तर दिवस वाया गेला असे समजू नका. तीच होडी घेऊन पर्च धरा: हलका रॉड, लहान रबरी आमिष, बेटांच्या खडकाळ टोकांवर चारपाच मीटर पाणी. पट्टेदार, मुठीएवढ्या पर्चचे थवे उन्हाळ्यात जोरात खातात आणि चवीला पाइकपेक्षा सरस असतात. फक्त दहा मीटरपेक्षा खोल पाण्यात त्यांच्यामागे जाऊन सोडून देण्याचा विचार करू नका. पाइकला हवेच्या पिशवीतली जादा हवा तोंडावाटे सोडता येते. पर्च आणि त्याच्याच कुळातला झँडर यांना येत नाही, त्यामुळे खोलातून वर आणलेला पर्च फुगतो आणि सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. खोल पाण्यातला पर्च म्हणजे ताटातला पर्च, असे ठरवूनच गळ टाकावा.

पाइक खाण्याबद्दल. एक लहान मासा, पन्नास ते साठ-पासष्ट सेंटिमीटरचा, नियमात बसत असेल तर दोघांच्या जेवणासाठी ठेवायला माझी हरकत नाही. उलट तापलेल्या पाण्यात गळ खोल गिळून रक्तस्राव झालेला, नियमाच्या मापातला मासा सोडण्यापेक्षा ठेवलेलाच बरा. मोठा पाइक मात्र सोडावा. मीटरच्या आसपासचा पाइक जवळजवळ नेहमी मादी असते आणि तिला त्या आकाराला यायला बरीच वर्षे लागलेली असतात. शिवाय पाइक हा साखळीच्या टोकाचा शिकारी असल्यामुळे त्याच्या मांसात पारा साठतो, आणि वयाबरोबर तो वाढत जातो. स्वीडनच्या अन्नसुरक्षा संस्थेचा सल्ला असा आहे की गर्भवती, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी असा मासा वर्षातून दोनतीनदाच खावा, आणि इतरांनी आठवड्यातून एकदापेक्षा जास्त खाऊ नये. घरी कोणी या गटात असेल तर त्यांच्यासाठी दुसरे काहीतरी शिजवा.

ठेवायचा मासा लगेच डोक्यावर जोरदार फटका मारून मारावा, कल्ले कापून रक्त जाऊ द्यावे आणि बर्फाच्या पेटीत ठेवावा. दोरीला बांधून जिवंत पाण्यात लोंबत ठेवणे हा माशाचा छळही आहे आणि मांसाची नासाडीही. पाइकच्या मांसात पाठीच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या काट्यांची रांग असते. इथे तो उकडून वितळलेले लोणी आणि किसलेला हॉर्सरॅडिश यांच्याबरोबर खातात आणि काटे ताटात काढतात. आपल्याकडे भिंग किंवा पाला खाणाऱ्याला हे नवे नाही. माझी पद्धत अशी: कातडी काढलेल्या तुकड्यांना धारदार सुरीने तीन-तीन मिलिमीटरवर आडव्या चिरा द्याव्यात, हळद, मीठ, लाल तिखट आणि आगळ लावून अर्धा तास ठेवावे आणि रवा लावून भरपूर तेलात तळावे. चिरलेले बारीक काटे तळताना कुरकुरीत होतात आणि टोचत नाहीत. पाइकचे मांस कोरडे असते, त्यामुळे तव्यावर थोड्या तेलात परतल्यास ते चिवट होते. आणि उरलेल्या डोक्याचे व कण्याचे सार मात्र, कोकम घालून, मांसापेक्षाही चांगले लागते.